मुठीची माती

चिलारवस्तीच्या बिरोबाचं तळं आजवर एकदाही आटलेलं नाही, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. बहात्तरच्या दुष्काळात आजूबाजूच्या विहिरींनी तळ दाखवला, लोक खडी फोडायला गेले, तेव्हाही तळ्यात कमरेएवढं पाणी होतं म्हणतात. कमरेएवढं की घोट्याएवढं, यावरून म्हाताऱ्यांची अजून जुंपते. पण पाणी होतं यावर एकमत. पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला ही गोष्ट ऐकवायची, अशी तिथली रीतच आहे. पावसानं पाठ फिरवलेल्या माण तालुक्यात मिरवायला दुसरं असतं तरी काय!

त्यामुळे आप्पासोंच्या सोनमनं, तळ्याच्या बुडात नळी ठोकून तळं पूर्वी कधी आटलं होतं ते बघायचंय, असं सांगितलं तेव्हा वस्तीला वाटलं की पोरगी कराडला जाऊन बिघडली. दसऱ्यानंतर देवळापुढच्या लिंबाखाली सगळे जमले. मधोमध सोनम उभी. कराडला इंजिनिअर होऊन, नोकरी धरून, ती सोडून, पुन्हा शिकायला बसलेली वस्तीतली ही पहिलीच मुलगी. तिला हट्ट बापाकडून आला होता आणि तोंड आईकडून, त्यामुळे ती काही घाबरत नव्हती.

"दर साली तळ्यात गाळाचा एक थर बसतो," ती सांगत होती. "पाऊस चांगला झाला की काळा, मऊ. तळं आटलं की तोच गाळ तडकतो, त्याच्यात पांढरी चुनखडी धरते. नळी ठोकली की हे सगळे थर एकावर एक जसेच्या तसे वर येतात. आपल्याकडच्या जुन्या दुष्काळांचं कुणी काही लिहून ठेवलेलं नाही. दुर्गादेवीच्या दुष्काळाचं नाव सगळे घेतात, बारा वर्षं पाऊस नव्हता म्हणतात. आपल्या माणात नव्हता का? कुणाला ठाऊक? मातीला ठाऊक आहे."

"जे आटलंच न्हाई त्येच्यात बघायचं काय?" नाथाजीनं विचारलं. नाथाजी हा मेंढरांच्या वाड्याचा कारभारी. दिवाळी झाली की वस्तीतली बहुतेक घरं मेंढरं घेऊन पश्चिमेला निघतात, घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. या हिंडत्या बिऱ्हाडालाच वाडा म्हणतात. कुठे उतरायचं, कुठून वळायचं हे कारभारी ठरवतो. आयुष्यभर सगळ्यांना वळवत आल्यामुळे आपल्याला कुणी वळवलेलं नाथाजीला खपत नसे.

"नाथातात्या, आटलं नसंल तर तेच कळंल की."

"आनि निगाली कोरड, तर?"

आता यावर खरं तर सोनमनं उत्तर द्यायचं होतं. पण आप्पासो उठले. अंगानं काटक, डोक्याला लाल पटका, कपाळाला भंडारा, आणि हातात बिरोबाची काठी. "माझ्या लेकीला आडवं जाऊ नगंस, नाथा," ते म्हणाले. "घालू दे नळी. तळाला कोरड निगाली, तर ही काठी मी खाली ठिवीन. मंग तर झालं?"

ही काठी म्हणजे साधी गोष्ट नव्हे. जत्रेत ती सगळ्यांच्या पुढे चालते, आणि ज्याच्या हातात ती असते त्याचा शब्द वस्ती मोडत नाही. पण तिचं पथ्यही कडक आहे. ज्यानं काठी धरली त्यानं गावाची शीव ओलांडून रात्र काढायची नाही, आणि त्याच्या घरातलं कुणी मेंढरामागे जायचं नाही. आप्पासोंच्या घरात काठी आज्ज्यापासून होती. म्हसवडच्या बाजारापलीकडे त्यांनी जग पाहिलेलं नव्हतं. लेकीला पदवी मिळाली तेव्हा सगळं घर कराडला गेलं, आणि आप्पासो एकटे देवळाच्या पायरीवर बसून फोनवर तो समारंभ बघत राहिले. त्याची त्यांना खंत नव्हती. तळं आटत नाही आणि काठीवाला हलत नाही, या दोन गोष्टी त्यांच्या मनात एकच होत्या.

"आप्पा, मातीवर पैज लावू नका," सोनम घरी येताना म्हणाली.

"पैज कसली गं? निगायचंच न्हाई काय, तर ठिवायची कवा?" आप्पासो हसले. सोनमही हसली. तिलाही तेव्हा तसंच वाटत होतं, हे सांगायला हवं. इतर तळी आटली असतील, पण आपलं तळं? लहानपणापासून चहाच्या आधी ऐकलेली गोष्ट इंजिनिअर झालं म्हणून रक्तातून थोडीच जाते!

वैशाखात तळ्याचं पाणी उतरलं, तेव्हा कराडहून सामान आलं. पिंपांवर फळ्या बांधून तराफा केला, वर लोखंडी तिवई, साखळी आणि लांबलचक नळी. वाडा अजून कोकणातून परतला नव्हता, त्यामुळे वस्तीत म्हातारी माणसं तेवढी होती आणि ती झाडून सगळी काठावर येऊन बसली. आप्पासोंनी नळीला भंडारा लावला. सोनमची आई सुलाबाई भाकरी घेऊन आली आणि नळीकडे बघून म्हणाली, "एवढ्या लांब चिखल न्ह्यायचा, त्यापरीस हितंच चिवडायचा की."

सर्वांत खोल गाळ होता मुठीच्या दगडाखाली. काठावरून पाण्यात झुकलेला हा मोठा खडक. वाडा परत आला की घराकडे जाण्याआधी जो तो या दगडावर चढतो, शेवटच्या मुक्कामावरून पदराला, धोतराच्या सोग्याला बांधून आणलेली मूठभर माती तळ्यात टाकतो, आणि म्हणतो, "आलो रं बिरोबा!" देवाला वर्दी द्यायची, मग चुलीला. आप्पासो काठी घेऊन शेजारी उभे असतात. त्यांच्या घरातल्या कुणी मूठ कधी टाकलेली नाही. जो गेलाच नाही त्यानं आलो काय म्हणायचं?

नळी खाली जाताना सहज गेली, वर येताना मात्र तिनं सगळ्यांचा घाम काढला. दोन्ही टोकं बंद करून, ओल्या पोत्यात गुंडाळून ती गाडीत चढवली तेव्हा आप्पासोंनी तिच्यावर हात ठेवला.

"दिसतंय का गं काय?"

"आत्ताच नाही दिसत. उभी चिरल्यावर दिसतं."

"चिरा, चिरा. काळंभोर निगतंय बग समदं."

कराडच्या प्रयोगशाळेत नळी उभी चिरली, तेव्हा सोनमच्या शेजारी तिच्या मार्गदर्शक प्रियदर्शनी मॅडम होत्या. मॅडम कृष्णाकाठच्या, उसाच्या मळ्यातल्या. वडील सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या घरात पाण्याची कमतरता हा शब्द फक्त वर्तमानपत्रात येई. पण आपल्याला काय कळत नाही हे त्यांना पक्कं कळत असे, आणि हा गुण मोठ्या पगाराच्या माणसांत दुर्मीळ असतो.

दोन्ही फाकी उघडल्या. वरून काळं, खाली काळं, आणखी खाली काळं. अधूनमधून गंजासारखे बारीक तांबडे ठिपके, गवताच्या मुळांभोवती गाळात असतात तसे. सोनम बोटानं माप घेत सरकत होती आणि मनात आप्पांना फोन लावत होती. मग तिचं बोट थांबलं.

चार बोटं जाडीचा पांढराफटक पट्टा. त्यातून खाली उतरलेल्या उभ्या भेगा. वरखाली गोगलगायींचे इवले शंख पसरलेले, पांढऱ्यात एकही नाही. हे ओळखायला मॅडमची गरज नव्हती. माणदेशातल्या पोरांना कोरडी पडलेली जमीन दुसऱ्या कुणी शिकवावी लागत नाही.

"तळं आटलेलं आहे," मॅडम हळूच म्हणाल्या. "एखादं वर्ष नाही. बरीच वर्षं. तुला दुसरं काही वाटतंय?"

"नाही मॅडम."

"आणि हे काय?" पांढऱ्याच्या बरोबर डोक्यावर बोटभर जाडीचा लालभडक थर होता. विटेच्या भुग्यासारखा. "ही माती तुमच्याकडची नाही. तुमच्याकडे काळा दगड, काळी माती. ही जांभ्याची वाटते, घाटमाथ्यावरची, कोकणातली. ओढ्यानं यावी म्हटलं तर तुमचे ओढे तिकडून येत नाहीत."

"वादळानं?"

"वादळ एवढी माती एका जागी ओततं का? मला हे कळत नाही सोनम. तू शोध."

शंख आणि गाळातलं बी वय काढायला बाहेर पाठवलं. त्यात पावसाळा गेला, दिवाळी गेली, वाडा पुन्हा कोकणात उतरला. फाल्गुनात उत्तर आलं. पांढऱ्या थराखालचं आणि वरचं वय मिळून तो कोरडा काळ सुमारे सहाशे वर्षांमागचा निघत होता. थराच्या जाडीवरून दहा-बारा वर्षांचा असावा. मॅडमनी टेबलावर हात आपटला. "दुर्गादेवी! अगं, लोक पिढ्यान् पिढ्या नुसतं नाव घेत होते. तू तिला हात लावलास!"

सोनमला आनंद झाला. खोटं कशाला सांगायचं, खूपच झाला. जे सहाशे वर्षं कुणाला ठाऊक नव्हतं ते तिला ठाऊक होतं, आणि ते चूक नव्हतं. आणि त्याच क्षणी तिला आप्पांच्या हातातली काठी दिसली आणि रडू आलं. दोन्ही एकदम झालं.

मॅडमना पैजेचं ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, "निबंधात तळ्याचं नाव घालायलाच हवं असं नाही. 'माण तालुक्यातलं एक तळं' एवढं पुरे. कुणी विचारणार नाही."

वाट मोठी सोयीची होती. आठवडाभर सोनम मनातल्या मनात त्या वाटेवरून येऊन-जाऊन राहिली. शेवटी मॅडमकडे जाऊन म्हणाली, "आप्पा विचारणार. आणि मी खोटं बोलले की त्यांना माझ्या नाकावरून कळतं. आणि समजा नाही कळलं, तर पुढं जन्मभर जत्रेत त्यांच्या मागं चालताना मी त्या काठीकडं बघू कशी?"

शनिवारी ती म्हसवडवरून वस्तीवर आली. आप्पासो देवळाच्या पायरीवर काठीला तेल लावत बसले होते. तिनं सगळं एका दमात सांगितलं. असल्या गोष्टीचे हप्ते करू नयेत हे तिला ठाऊक होतं. आप्पासोंचा हात थांबला. ते तळ्याकडे वळले.

"समदं आटलं हुतं?"

"समदं."

"लय वर्सं?"

"दहा-बारा तरी."

"मंग तवा देव कुटं हुता गं?"

आप्पासो उठले, धोतर झटकलं. "वाडा आला की समद्यांम्होरं सांग. लपूनछपून न्हाई. ती नळीबी आन."

सुलाबाईनं त्या रात्रीच्या जेवणात दोघांनाही फैलावर घेतलं. "त्येंनी पैज लावायची, हिनं खरी करायची! बापलेकीला दुसरा धंदा न्हाई." मग सोनमच्या भाकरीवर तिनं तुपाची धार जरा जास्तच सोडली. रागावली की ती असंच करते.

ज्येष्ठात वाडा परत आला. आधी धुळीचा लोट दिसला, मग मेंढरांचा कल्ला, मग घोड्यांवर लादलेली बिऱ्हाडं आणि त्यांच्यावर बसवलेली कोंबड्यांची खुराडी. ढोल वाजू लागले. एकेक जण मुठीच्या दगडावर चढला, तळ्यावर हात झटकला, "आलो रं बिरोबा" म्हणाला आणि उतरला. सोनमचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. तिनं हे दृश्य लहानपणापासून इतक्यांदा बघितलं होतं की आता तिला ते दिसतच नव्हतं. चिरलेल्या नळीचा काचेखाली ठेवलेला तुकडा मांडीवर घेऊन ती लिंबाखाली बसली होती.

कारभाऱ्याची मूठ सगळ्यांत शेवटी. नाथाजी दगडाकडे निघाला, तेवढ्यात आप्पासोंनी काठी आडवी धरली.

"थांब नाथा. आदी माझं हाय. सोनम, सांग."

ढोल थांबले. सोनम उठली. तिनं पांढरा पट्टा दाखवला, भेगा दाखवल्या, सहाशे वर्षं म्हणजे किती हे पणज्यांच्या पणज्यांपर्यंत मोजून दाखवलं. "आपलं तळं आटलं होतं," ती म्हणाली. "दुर्गादेवीच्या दुष्काळात. एक थेंब नव्हता."

कुणी काही बोलायच्या आत आप्पासो वाकले. दोन्ही हातांनी त्यांनी काठी जमिनीवर ठेवली, तिच्या पाया पडले, आणि दोन पावलं मागे सरकून उभे राहिले. हातांचं आता काय करायचं हे त्यांना कळेना. त्यांनी ते पाठीमागे बांधले, मग पुढे घेतले. सोनमला ते हात बघवेनात.

वस्तीवर सुतकी कळा आली. "ही नळीच खोटी असंल," कुणीतरी पुटपुटलं. नाथाजी मात्र खाली पडलेल्या काठीकडे बघत होता. जिंकल्याचा आनंद त्याच्या तोंडावर कुठेच नव्हता. "तुज्यायला आप्पा," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "मी काय काठी मागितली हुती व्हय रं?" आणि काय करावं ते न सुचून, जे करायचं राहिलं होतं ते करायला तो दगडावर चढला. त्यानं सोग्याची गाठ सोडली, मूठ भरली, हात तळ्यावर धरला.

त्याच्या बोटांतून माती निसटत होती. लालभडक. विटेच्या भुग्यासारखी.

"तात्या! टाकू नका!"

सोनमनं नळी तशीच गवतावर ठेवली आणि धावत जाऊन नाथाजीचं मनगट धरलं. देवाची मूठ अडवलेली वस्तीनं कधी बघितली नव्हती, बायांच्या तोंडून "अगं बया!" निघालं.

"कुठली माती ही?"

"कुटली म्हंजी? घाटाखालची. तितल्या शेवटच्या मुक्कामाची. दरसाली आनतोय तसली."

"सगळे तिकडचीच आणता?"

"मंग! हितलीच काळी आनून देवाला काय सांगायचं? जाऊन आलो ह्येची खूण नगं?"

सोनमनं त्याला हाताला धरून खाली ओढत आणलं आणि त्याची मूठ काचेजवळ धरली. जवळ जवळ ठेवलेल्या दोन्ही मात्या एकाच आईच्या वाटत होत्या. मग ती गुडघ्यांवर बसून नळी वाचू लागली, आणि वाचता वाचता स्वतःलाच शिव्या घालू लागली. गंज म्हणून तिनं सोडून दिलेले ते बारीक ठिपके गंज नव्हते. त्या मुठी होत्या. जन्मभर तिनं मुठी बघितल्या, पण काठीच्या घरातून बघितल्या. तिच्या घरी मूठ म्हणजे देवाचं काम. ती माती असते, तिला रंग असतो, ती बुडून तळाशी जाते, हे त्या घरातल्या कुणाच्या डोक्यात यायचं कारणच नव्हतं.

"बघा इकडं," ती म्हणाली, आणि सगळे वाकले. "हे पांढऱ्याच्या खालचं. तांबडे ठिपके दिसतात? दुष्काळाच्या आधीही आपली माणसं घाटाखाली जात होती, येत होती, मूठ टाकत होती. आता हे पांढरं. ह्याच्यात एक तरी ठिपका दिसतोय?"

"न्हाई," नाथाजी म्हणाला.

"नाही. कारण टाकायला कुणी नव्हतंच. तळं आटलं आणि सगळी वस्ती उठून गेली. एकही माणूस मागं राहिला नाही. आणि आता हे बघा." तिचं बोट लाल थरावर आलं. "बोटभर जाड. एवढी माती दरसालच्या वाड्याची नाही. हे सगळे एकदम आलेत. म्हातारे, बाया, तिकडंच जन्मलेली पोरं, ज्यांनी हे तळं कधी बघितलंही नव्हतं ती. सगळ्यांनी ह्या दगडावर चढून मुठी टाकल्यात. बारा वर्षं तिकडं पाणी होतं, चारा होता. तरी ते परत आले."

म्हाताऱ्या हरणाबाईनं काचेवरून त्या लाल थरावर हात फिरवला, तान्ह्या पोराच्या पाठीवरून फिरवावा तसा. "आलो रं बिरोबा," ती पुटपुटली. मग आप्पासोंकडे वळून म्हणाली, "आनि तू काय लेकीला इचारलंस म्हनं, देव कुटं हुता? आरं, आमी घाटाखाली मुक्कामाला रोज देव मांडतो न्हवं? तवाबी मांडला आसंल. देव काय तळ्यात बुडून बसलाय व्हय? त्योबी हिंडत हुता."

आप्पासोंचे डोळे भरून आले. चारचौघांत रडायची त्यांना सवय नव्हती, पण आता हातात काठी नव्हती, त्यामुळे तेही त्यांना जमलं.

"उचला आता काठी, आप्पा," दोघंतिघं म्हणाले. "झालं गेलं."

"न्हाई." आप्पासोंनी पटक्याच्या टोकानं डोळे पुसले. "बोललो त्ये बोललो. कोरड निगाली, काठी खाली आली. काठी भुईवर पडून दिवस मावळाया नगं. नाथा, घे."

"मी?" नाथाजी दचकून मागे सरला. "मला कशाला? मी हिंडता मानूस. मला छपराखाली झोप लागत न्हाई."

"मला बी बाहीर लागंल का न्हाई, ठावं न्हाई. तू जलमभर वाडा वळीवलास. आता बस. दिवाळीला तुजी मेंढरं मी न्हेतो."

पहिल्यांदा सगळ्यांना ती थट्टा वाटली. सुलाबाईला वाटली नाही. तिचं माहेर कारभाऱ्यांचं. लग्नाआधी घाटाच्या वाटा तिच्या पायाखालच्या होत्या आणि काठीच्या घरात पडल्यापासून सुटलेल्या. "ह्येन्ला वाट ठावं न्हाई," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "म्होरं मी चालंन." नाथाजीनं हसत हसत शिवी दिली आणि काठी उचलली. ढोल पुन्हा सुरू झाले.

त्या दिवाळीनंतर वाडा कराडजवळ कृष्णेच्या काठी उतरला, तेव्हा सोनम आणि प्रियदर्शनी मॅडम त्यांना भेटायला गेल्या. आप्पासो कृष्णा-कोयनेच्या संगमावर उभे होते आणि दोन नद्या समोरासमोर येऊन मिळताना टक लावून बघत होते. "येवढं पानी!" ते म्हणाले. "आनि ह्ये रोजच हाय?" मॅडम म्हणाल्या, रोजच. "मंग त्ये लोक हितंच का ऱ्हायले न्हाईत गं?" आप्पासोंनी सोनमला विचारलं. सोनम म्हणाली, "ते तुम्हीच सांगा मला, परत आल्यावर."

पुढच्या ज्येष्ठात वाडा आला. धूळ, मेंढरं, ढोल. मुठीच्या दगडाशेजारी नाथाजी काठी धरून उभा होता, कपाळाला भंडारा आणि चेहऱ्यावर वर्षभर छपराखाली झोपल्याचा वैताग. एकेक जण चढला, उतरला. सुलाबाई चढली आणि तिनं इतक्या वर्षांची राहिलेली मूठ अशी भिरकावली की पाणी तिच्याच अंगावर उडालं.

मग आप्पासो आले. उन्हानं रापलेले, पायाला चिंधी बांधलेली, दाढी वाढलेली. सोग्याची गाठ सुटेना, तेव्हा त्यांनी ती दातांनी सोडली. लाल माती मुठीत घेऊन ते दगडावर चढले. ज्या दगडाशेजारी उभं राहण्यात त्यांचा जन्म गेला होता, त्याच्यावर ते पहिल्यांदा उभे होते. त्यांनी तळ्याकडे बघितलं, नाथाजीकडे बघितलं, मग काठावर उभ्या असलेल्या लेकीकडे.

"पोरी, ही माती तुज्या नळीत दिसंल का?"

"दिसंल आप्पा," सोनम म्हणाली. "कधीतरी कुणीतरी ठोकंल नळी. नक्की दिसंल."

आप्पासोंनी मूठ उघडली. पाण्यावर क्षणभर लाल डाग पसरला आणि खाली निघून गेला.

"आलो रं बिरोबा," ते म्हणाले.